वडा गरम, पण चटणीचे काय?

जुलै महिन्यातला रविवार. पुण्याहून निघालेली लोकल मळवली सोडून लोणावळ्याकडे धावू लागते, तेव्हा खिडकीबाहेर डोंगरांवर ढग उतरलेले असतात आणि डब्यातले बोलणे खाण्यावर आलेले असते. भजी भुशी धरणाच्या रस्त्याला खायची की टायगर पॉइंटला, कणीस भाजलेले की उकडलेले, परतताना चिक्की कुठून घ्यायची, यावर घरातच दोन तट पडतात. त्यात एखादी आजी हळूच विचारते, "पावसाळ्यात बाहेरचे खाऊन पोट तर बिघडणार नाही ना?"

'बाहेरचे खाऊच नका' हे या प्रश्नाचे सोपे उत्तर आहे; पण ते पाळणारा माणूस पावसाळ्यात लोणावळ्याला सहसा जात नाही. बहुतेक जण दुसरी वाट धरतात. गाडी बघतात, विक्रेत्याचे कपडे बघतात, फरशी चकचकीत आहे का ते बघतात आणि ठरवतात. गंमत अशी, की पोट बिघडवणारे जंतू फरशीवर बघून कळत नाहीत. चकचकीत काचेमागे सकाळपासून ठेवलेले सँडविच हे कोळशावर समोर भाजलेल्या कणसापेक्षा जास्त धोक्याचे असू शकते.

पदार्थ जोखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात. तो किती गरम आहे? त्याला कच्चे पाणी कुठे लागले आहे? आणि तयार होऊन किती वेळ झाला आहे?

अन्न बिघडवणारे बहुतेक जीवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या नियमांत याच पट्ट्यापासून अन्न दूर ठेवायला सांगितले आहे: शिजवताना आतपर्यंत ७० अंश गाठावे, गरम ठेवायचे ते ६० अंशांच्या वर ठेवावे आणि शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. काही जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. या हिशेबाने एका जीवाणूचे सहा तासांत अडीच लाखांहून अधिक होतात. सकाळी दहाचा पदार्थ दुपारी चारला खाणाऱ्याने हे गणित आठवावे.

कोळशावरचे कणीस

पहिला पदार्थ अर्थातच कणीस. लोखंडी शेगडी, हाताने फिरवायचा पंखा, तडतडणारे दाणे आणि वर तिखट-मीठ लावलेली लिंबाची फोड. हे कणीस आपल्यासमोर सोलले जाते. सालाच्या आत दाणे झाकलेले असल्याने बाहेरची धूळ आणि हात त्यांना आधी लागलेले नसतात. निखाऱ्यावर दाण्यांचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या पुष्कळ वर जातो. त्यानंतर ते लगेच खाल्ले जाते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली येतात.

मग उरते ती लिंबाची फोड. एकच फोड दिवसभर तिखट-मिठात बुडवून प्रत्येकाच्या कणसावर घासली जाते, हे पाहून अनेकांना कसेतरी होते. लिंबाचा रस खूप आम्ल असतो, त्यात भरपूर मीठ. अशा जागी जीवाणू सहसा वाढत नाहीत. तरीही आधीच्या कणसांवरून फिरलेली फोड नको वाटत असेल तर नवी मागावी, विक्रेता नाही म्हणत नाही. उकडलेले कणीसही वाफाळत्या पातेल्यातून थेट घेतले तर उत्तम. सोलून, दाणे काढून, लोणी-मसाल्यात कालवून बाजूला ठेवलेल्या डब्यातले मात्र विचार करून घ्यावे.

मावळातले हे कणीस मूळचे मावळचे नाही. मक्याचे मूळ दक्षिण मेक्सिकोतल्या एका रानगवतात असून सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे त्याची शेती सुरू झाली. वड्यातला बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, चिक्कीतला शेंगदाणा त्याच खंडातला, आणि ज्या मिरचीशिवाय आपली एकही टपरी चालत नाही तीही अमेरिकेतूनच, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आलेली. त्यामुळे एखादा मावळकर कोलंबियाच्या बोगोटा शहरात फिरला तर तिथले रस्त्यावरचे खाणे त्याला फारसे परके वाटणार नाही. तिथेही कोळशावर कणसे भाजतात. मक्याच्या पिठाची जाड भाकरीसारखी 'अरेपा' तव्यावर शेकतात. उकडलेल्या बटाट्यात मांसाचे सारण भरून तळलेला 'पापा रेयेना' बटाटेवड्याचा चुलतभाऊ शोभतो. कैरीच्या फोडींना मीठ आणि लिंबू लावून विकणाऱ्या गाड्याही तिथे आहेत. त्या गाड्यांपुढे उभ्या असलेल्या प्रवाशालाही हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात, कारण जीवाणूंना देश नसतो.

एका वडापावात चार पदार्थ

वडापाव आपण एक पदार्थ म्हणून खातो. आरोग्याच्या नजरेने त्यात चार वेगळे पदार्थ आहेत आणि चौघांची जोखीम वेगळी आहे.

पाव भट्टीतून भाजून आलेला, कोरडा. त्यात पाणी कमी, म्हणून जीवाणूंना वाव कमी. बुरशी दिसत नाही आणि वास बरोबर आहे, एवढे पुरे. सुकी लसणाची चटणी तशीच: भाजलेले खोबरे, लसूण, तिखट, मीठ. ओला चमचा त्यात गेला नाही तर ती टिकते.

वडा १७० ते १८० अंशांच्या तेलात पडतो. बेसनाचे आवरण करकरीत होते. आतले सारण मात्र शंभर अंशांच्या वर जात नाही, कारण बटाट्यात पाणी असते. तेवढ्या उष्णतेने जिवंत जीवाणू मरतात. एक अडचण राहते. बटाटे पहाटे उकडून, हाताने कुस्करून, परातीत तासन् तास उघडे ठेवले असतील आणि हातावर जखम असेल, तर स्टॅफिलोकोकस नावाचे जीवाणू सारणात वाढून विष तयार करतात. नंतर तळल्यावर जीवाणू मरतात, पण हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून जास्त खप असलेली गाडी बरी. तिथे सारणाची परात दुपारपर्यंत दोनदा रिकामी होते; काही पडून राहायला वेळच मिळत नाही. गर्दी असलेल्या ठिकाणी खावे, हा जुना सल्ला म्हणून खरा ठरतो.

चौथी हिरवी चटणी. कोथिंबीर, पुदिना, मिरची आणि पाणी, सगळे कच्चे. कोथिंबीर मातीलगत वाढते, तिच्या पानांत मातीचे कण अडकतात, आणि वाटताना घातलेले पाणी उकळलेले नसते. शिवाय चटणी सकाळी वाटली जाते आणि दिवसभर भांड्यात राहते. तिन्ही प्रश्नांत नापास होणारा वडापावातला हा एकमेव घटक. हौशी खवय्याला हे कटू वाटेल. पण ज्याला लोणावळ्यात वडापाव खायचा आहे आणि सोमवारी कामावरही जायचे आहे, त्याने सुकी चटणी आणि तळलेली मिरची मागावी. चिंचेची चटणी आंबट असल्याने हिरवीपेक्षा बरी, पण तिच्यातही वरून पाणी घालून ती वाढवली जाते. चिरून ठेवलेल्या कांद्यालाही हिरव्या चटणीचाच नियम लागू होतो.

आणि वडा कागदात बांधून देत असतील तर वर्तमानपत्राला नाही म्हणावे. छपाईच्या शाईतली रसायने गरम तेलकट पदार्थात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अन्नासाठी वर्तमानपत्र वापरण्यास मनाई केली आहे.

कढईतले तेल

कांदाभजीच्या कढईजवळ जंतूंची चिंता नसते, तिथे तेलाची असते. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्याचे रेणू तुटतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना चिकटतो आणि 'पोलर कंपाउंड' म्हणून ओळखली जाणारी द्रव्ये साठत जातात. ही द्रव्ये २५ टक्क्यांवर गेली की तेल वापरायचे नाही, असा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ग्राहकाकडे यंत्र नसते, पण डोळे आणि नाक असते. तेल काळपट-तपकिरी आहे, पदार्थ टाकल्यावर बुडबुड्यांऐवजी फेस येतो आणि विरत नाही, तळणे सुरू नसतानाही धूर येतो, वास डोळ्यांना झोंबतो, भजीला शेवटी कडवट चव येते: यातली दोन लक्षणे एकत्र दिसली तरी पुढच्या गाडीकडे वळावे.

भजी तेलकट का होते, याचेही उत्तर मजेशीर आहे. तळताना भजीतून वाफ जोराने बाहेर पडत असते, त्यामुळे तेल आत शिरत नाही. भजी झाऱ्यावर काढली की वाफ थंड होऊन आकसते, आत पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. बरेचसे तेल असे कढईबाहेर आल्यावर शोषले जाते. म्हणून काढल्याबरोबर झारा झटकणारा आणि भजी जाळीवर निथळू देणारा विक्रेता आपल्या हृदयावर उपकार करत असतो.

चिक्की: पाण्याविना पदार्थ

लोणावळा आणि चिक्की यांचे नाते रेल्वेने बांधले. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि घाट चढून आलेल्या प्रवाशांना हे गाव थांब्याचे झाले. प्रवासात न नासणारी, हाताला न लागणारी, थोडकी खाल्ली तरी आधार देणारी गुळ-शेंगदाण्याची वडी यासाठी अगदी योग्य होती.

ती नासत का नाही? गुळाचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत उकळत नेला जातो. त्यातले जवळजवळ सगळे पाणी उडून जाते. पाण्यात टाकलेला पाकाचा थेंब कडक होऊन टिचतो, ही कारागिरांची परीक्षा त्याचीच खूण. उरलेले थोडे पाणीही गूळ धरून ठेवतो, जीवाणूंच्या वाट्याला काही येत नाही. पावसाळ्यात मात्र हाच गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि उघडी चिक्की तासाभरात चिकट होते. म्हणून सुटी घेण्यापेक्षा हवाबंद पाकीट घ्यावे, त्यावरची तारीख आणि अन्न परवान्याचा क्रमांक पाहावा.

चिक्कीचा खरा धोका शेंगदाण्यात असतो. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांवर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते. पाकाच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. काळा पडलेला, सुरकुतलेला, खवट किंवा कडू दाणा तोंडात आला तर गिळू नये, थुंकावा. मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावे, की गुळाची चिक्की रक्तातली साखर साखरेसारखीच वाढवते. १०० ग्रॅम चिक्कीत सुमारे ५०० किलोकॅलरी असतात. आणि अगदी लहान मुलांना अख्ख्या दाण्यांची चिक्की देऊ नये, दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो.

द्रोणातली करवंदे, गडाखालचा भात

मे-जूनमध्ये घाटात आणि स्टेशनच्या बाहेर आदिवासी बाया पानांच्या द्रोणात करवंदे, जांभळे घेऊन बसतात. ही रानफळे खावीतच. फक्त त्यांना साल काढून खाता येत नाही, म्हणून बरोबरच्या पिण्याच्या पाण्याने दोनदा धुवावीत. कैरी, पेरू, काकडी समोर कापून घ्यावी. चिरून, मीठ लावून, माशांच्या सोबतीत ठेवलेल्या थाळीला हात लावू नये.

सरबत आणि बर्फाचा गोळा यांत प्रश्न बर्फाचा. थंडीने जंतू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. मासे किंवा इतर माल थंड ठेवण्याचा बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे. निळसर बर्फ पेल्यात दिसला तर पेला परत करावा.

लोहगड, विसापूरच्या पायथ्याच्या गावांत पिठले-भाकरी आणि इंद्रायणी तांदळाचा भात मिळतो. हे वाण मावळातल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातले. घरच्या चुलीवरचे ताजे जेवण सहसा सुरक्षित असते. भाताबाबत एकच खबरदारी. तांदळात बॅसिलस सेरेयस या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातूनही वाचतात. भात कोमट राहिला तर ते जागे होतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. ट्रेकला निघालेल्या मोठ्या गटांसाठी सकाळी सहाला करून ठेवलेला भात दुपारी दोनला कोमट वाढला जातो, तेव्हा हे घडते. आधी कळवून, उतरल्यावर ताजा भात करायला सांगणे हा उपाय.

आणि झऱ्याचे पाणी? चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या डोंगरात प्रत्येक कड्यावरून पाणी कोसळते आणि ते स्वच्छ दिसते. त्या कड्याच्या वर गुरे चरतात, वाड्या आहेत, पर्यटक आहेत. वाहते पाणी शुद्ध असते ही समजूत चुकीची आहे. चहा मात्र निर्धास्त प्यावा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळते. जंतू मारायला तेवढे भरपूर आहे.

दोष शेवटच्या घासाचा नसतो

पोट बिघडले की माणूस शेवटी खाल्लेल्या पदार्थाला दोष देतो. बहुतेकदा तो चुकतो. स्टॅफिलोकोकसचे विष एक ते सहा तासांत उलट्या घडवते. साल्मोनेलाला सहा तासांपासून काही दिवस लागतात. टायफॉइड एक ते चार आठवड्यांनी उघड होतो. आणि कावीळ घडवणारा हेपॅटायटिस ए विषाणू सरासरी चार आठवडे दबून बसतो. जुलैच्या सहलीतल्या बर्फाची कावीळ ऑगस्टमध्ये येते, तोवर सहल विसरलेली असते. म्हणून ताप, मळमळ, लघवी गडद पिवळी अशी लक्षणे दिसली तर गेल्या महिन्याभरातला प्रवास डॉक्टरांना जरूर सांगावा.

इथे पाहुण्याची एक वेगळी अडचण आहे. हेपॅटायटिस ए लहानपणी झाला तर बहुधा कळतही नाही आणि पुढे आयुष्यभर संरक्षण मिळते. मोठेपणी झाला तर तो माणसाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर ठेवतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी काही वर्षांच्या अंतराने घेतलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा शहरातल्या सुखवस्तू वर्गात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे घटत गेल्याचे दिसले. घरात शुद्ध पाणी आले ही चांगलीच गोष्ट. पण त्यामुळे तिशी-चाळिशीतले अनेक जण या विषाणूला पहिल्यांदा सहलीतच भेटतात. विक्रेत्याला काही होत नाही आणि आपल्यालाच का होते, याचे एक उत्तर यात आहे. या आजारावर लस उपलब्ध आहे, डॉक्टरांना विचारून ती घेता येते. हेपॅटायटिस ई हाही दूषित पाण्यातून येतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो जिवावर बेतू शकतो. गरोदर स्त्रियांनी उकळलेले पाणी आणि समोर शिजलेले गरम अन्न यांपलीकडे जाऊ नये.

जुलाब लागलेच, तर पहिला उपाय औषधाच्या गोळीचा नाही, पाण्याचा. ओआरएसचे एक लिटरसाठीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवावे, अर्धे पाकीट अंदाजाने वापरू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट देत राहावे. शौचात रक्त, जोराचा ताप, थांबत नसलेल्या उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल सुस्त पडणे, यांपैकी काहीही असेल तर घाट उतरण्याची वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठावा. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

एक नळ

या साऱ्यात विक्रेत्याला आरोपी करणे सोपे आहे. पण पॉइंटवर दिवसभर उभ्या असलेल्या बाईकडे पाहिले तर चित्र बदलते. ती घरून दोन कॅन पाणी आणते. त्यातच पीठ भिजवते, हात धुते, पेले विसळते. दुपारनंतर कॅन तळाला जातो आणि हात धुणे कमी होते. आसपास स्वच्छतागृह नसेल तर ती दिवसभर पाणी पिणेही टाळते. लहान विक्रेत्यांसाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली साध्या नोंदणीची तरतूद आहे. नोंदणीचा कागद मिळाला तरी हात धुवायला पाणी कागदातून येत नाही. जिथे शेकडो लोक खातात तिथे पिण्याच्या पाण्याचा एक नळ, एक स्वच्छतागृह आणि रोज उचलला जाणारा कचरा असेल, तर हिरव्या चटणीचीही जोखीम घटते.

तोपर्यंत ग्राहकाच्या हातात एवढेच आहे: गरम मागणे, समोर कापलेले घेणे, स्वतःचे पाणी बरोबर नेणे आणि खाण्याआधी स्वतःचे हात साबणाने धुणे. शेवटचे फार जण विसरतात. धरणाच्या पायऱ्यांवरून ओल्या हातांनी येऊन वडापाव धरणाऱ्याच्या पोटात गेलेले जंतू दर वेळी गाडीवरचेच असतात असे नाही.